मुंबई दाखवली ती चाळीने

गावाकडच्या कुटुंबाने मुंबई बघायला जायची रीत रुजवली ती गिरणगावाने. १८५३मध्ये बोरीबंदर-ठाणे रेल्वे सुरू झाली, पुढे घाटावरून शहर गाठणं सोपं झालं. पण मुक्कामाचं काय? गिरणीत लागलेल्या काकाची चाळीतली एक खोली, रात्री गॅलरीत अंथरलेल्या सतरंज्या, सकाळी पिशवीत दशम्या बांधून राणीची बाग. बघायच्या जागा साहेबानेच उभारल्या, असं कोणी म्हणेल. ते अर्धंच खरं आहे. त्याच बागेतल्या, १८७२मध्ये खुल्या झालेल्या संग्रहालयामागे जगन्नाथ शंकरशेट आणि भाऊ दाजी लाड यांची खटपट आणि लोकवर्गणी होती. तारापोरवाला मत्स्यालय तर १९५१चं. शिवाय जागा कोणाचीही असो, पाहुण्याला हात धरून तिथे नेलं ते कामगारानेच, आपली सुट्टी खर्चून. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, खोल्या विकल्या गेल्या आणि हा हक्काचा मुक्कामही आटला.