भीमाकाठचे मत्स्यखाद्य आणि मत्स्यान्नाची सुरक्षितता : शिरूर-दौंड परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडस आणि दौंड तालुक्यातील वाळकी या गावांच्या सीमेवर मुळा-मुठा भीमेस मिळते. पुणे शहराचे सांडपाणी याच वाटेने भीमेत येते व दौंडवरून उजनीच्या जलाशयात जाते. हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि भीमाकाठच्या भोई समाजाची नदीतील मासेमारी जलाशयातील मासेमारी बनली. या स्थित्यंतराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माशाच्या अन्नाचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला.

पशुखाद्यातील विषाची जाणीव जगाला १९६० मध्ये झाली. इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. कारण ठरली बुरशी लागलेली भुईमुगाची पेंड. त्याच सुमारास अमेरिकेतील ट्राउट माशांच्या यकृतात कर्करोग आढळला आणि संशय सरकीच्या पेंडीवर गेला. दोन्हींच्या मुळाशी अफ्लाटॉक्सिन होते. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा हेच आपल्याकडे कटला-रोहूचे रूढ पूरक खाद्य असल्याने पावसाळ्यात दमट गोदामात ठेवलेली पेंड ही केवळ साठवणुकीची बाब मानता येत नाही. तथापि येथे तारतम्य हवे. अफ्लाटॉक्सिनचा मोठा आघात माशाच्या यकृतावर होतो, मांसात त्याचा अंश तुलनेने अल्प उतरतो. मिथिल पाऱ्याचे तसे नाही. तो स्नायूंतील प्रथिनांना चिकटतो आणि धुण्या-शिजवण्याने जात नाही. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये नोंदला गेलेला आजार याचीच साक्ष देतो.

उजनी परिसरात खाद्याचा प्रश्न चर्चेत आला तो मांगुरामुळे. हवेतून श्वास घेऊ शकणारा हा आफ्रिकी मासा कुजक्या पाण्यातही तग धरतो व मेलेल्या कोंबड्या, खाटीकखान्यातील टाकाऊ मांस यांवर झपाट्याने वाढतो. केंद्र शासनाने २००० मध्ये त्याच्या संवर्धनास बंदी केली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१९ च्या आदेशानंतर राज्यात साठे नष्ट करण्याच्या मोहिमाही झाल्या. परंतु बंदीचा मूळ आधार देशी माशांचे रक्षण हा होता. तळ्यात काय टाकले जाते, हा मुद्दा मागाहून जोडला गेला, आणि प्रजातीवरील बंदीने तो सुटत नाही.

कायद्याची रचनाही हेच दर्शविते. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ मधील ‘अन्न’ या संज्ञेतून पशुखाद्य स्पष्टपणे वगळले आहे. २०११ च्या विनियमांनी मिथिल पाऱ्याची मर्यादा दशलक्ष भागांत ०.२५ भाग ठरविली. म्हणजे तपासणी होते ती ताटाच्या टोकाला, पेंडीच्या पोत्यापाशी नव्हे.

यात सर्वांत बिकट प्रश्न चिलापीचा. १९५२ मध्ये भारतात आणलेल्या या माशाने उजनीत आपले बस्तान बसविले. गरिबाला परवडणारा मासा म्हणून त्याची ओळख आहे. जलाशयात त्याला कोणी पेंड घालत नाही. शेवाळ आणि तळाचा सेंद्रिय गाळ हाच त्याचा आहार, आणि तो गाळ पुण्याहून येणारे पाणी घडवीत असते.