मेंदूतील रक्तवाहिन्यांचा गुंता

निरोगी मेंदूत धमनी व शीर यांच्यामध्ये केशवाहिन्यांचे जाळे असते. रक्ताचा दाब तेथे ओसरतो. काहींच्या मेंदूत एखाद्या ठिकाणी हे जाळेच नसते. धमनीचा दाब थेट शिरेवर येतो आणि ऐन तारुण्यातही रक्तस्राव होतो.

१९२७ मध्ये लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तवाहिन्या क्ष-किरणांनी दृश्यमान केल्या. तरीही १९२८ मध्ये हार्वे कुशिंग यांच्यासारखे शल्यविशारद या गुंत्याला हात लावणे घातक मानत होते. १९३२ मध्ये स्वीडनच्या हर्बर्ट ऑलिवक्रोना यांनी तो समूळ काढला.

भारतात मेंदूची शल्यचिकित्सा स्वातंत्र्यानंतर रुजली: १९४९ मध्ये वेल्लोरला जेकब चंडी, पुढे मुंबईत राम गिंडे. शहापूर-मुरबाडच्या रुग्णाला मात्र त्यासाठी आजही मोठे शहर गाठावे लागते. रक्तस्राव सुरू झाल्यावर तर एकेक तास मोलाचा असतो.