एकीचं बळ आणि दंडावरचा गुद्दा

कचेरीतल्या माणसांना एकीने वागायला शिकवावं लागतं, असं ज्याने प्रथम ठरवलं तो बहुधा कधी कचेरीत बसलाच नसावा. पाचला दहा कमी असताना सगळ्या टेबलांवरच्या फायली एकाच क्षणी मिटतात, ही काय संघभावना नव्हे? तरी ती शिकवायला आमच्याकडे दर वर्षी कुणीतरी व्याख्याते येतात आणि हॉथॉर्नची गोष्ट सांगतात. सांगतात मात्र अर्धीच.

हॉथॉर्न म्हणजे शिकागोला लागून असलेल्या सिसरो गावातला, टेलिफोनचं सामान बनवणारा वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा अवाढव्य कारखाना. १९२४ च्या सुमारास तिथे उजेड वाढवला तर काम वाढतं का, हे बघायला सुरुवात झाली. पुढे उजेड कमी केला, तरी काम काही घटेना. शेवटी दोघी मुली जवळजवळ चांदण्याइतक्या उजेडात बसल्या आणि काम चालूच! (आमच्याकडे एक ट्यूब लुकलुकली की अख्खा विभाग डोळे चोळत कँटीनला जातो.)

एप्रिल १९२७ मध्ये सहाजणींना वेगळ्या खोलीत बसवलं. पाचजणी पस्तीसेक बारीक भाग जोडून रिले तयार करायच्या, सहावी सुटे भाग पुरवायची. त्यांना मधे विश्रांती दिली, सकाळचं खाणं दिलं, अर्धा तास लवकर सोडलं. काम वाढत गेलं. मग १९२८ मध्ये सगळं काढून घेतलं. विश्रांती नाही, खाणं नाही, आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास पुरे. आठवड्याचं एकूण काम आणखीच वाढलं! इथे व्याख्याते हात उंचावून सांगतात, "मायेने विचारपूस करा, बस्स!" 'खाणं काढून घेतलं' या वाक्याला मात्र आमचे साहेब जरा जास्तच उत्साहाने मान डोलावतात.

आता व्याख्याते काय गाळतात ते पाहा. मोठ्या विभागात पगार शंभरेक जणींच्या एकत्र कामावर ठरे. या खोलीत तो त्या मूठभर मुलींच्याच कामावर ठरू लागला. आणि १९२८ च्या जानेवारीत दोघींना, फार बोलतात म्हणून, खोलीतून काढून दुसऱ्या दोघी आणल्या. ही विचारपूस!

पण खरी गंमत दुसऱ्या खोलीत आहे. नोव्हेंबर १९३१ मध्ये त्याच कारखान्यात चौदा पुरुषांना एका खोलीत बसवलं. नऊजण तारा जोडणारे, तिघे डाख देणारे, दोघे तपासनीस. जास्त काम तर जास्त पगार, असा हिशेब. पण या पठ्ठ्यांनी आपसांत ठरवलेलं, दिवसाला दोन नग म्हणजे दोनच नग. कुणी जोरात हात चालवला की शेजारी त्याच्या दंडावर सणसणीत गुद्दा हाणी. फारच कमी काम करणाऱ्यालाही शिव्या, आणि साहेबांकडे चुगली करणारा तर वाळीतच. एखाद्या दिवशी काम जास्त झालंच, तर ते न सांगता मंद दिवसासाठी शिल्लक ठेवायचं. एवढी शिस्त मी तर फक्त दिंडीत पाहिली आहे!

कारण साधं होतं. बाहेर मंदी होती. जास्त काम केलं तर दर कापतील, किंवा चौदांचं काम दहांत उरकतं हे वर कळेल आणि चौघे घरी जातील. १९३९ साली रोथलिसबर्गर आणि डिक्सन या दोघांनी या प्रयोगांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांना ही भीती काही तर्काला धरून वाटली नाही. जोडणाऱ्यांचे दर कापल्याचा अनुभव नव्हता म्हणे! अहो, घर जळाल्याचा अनुभव नसला तरी माणूस निजताना चूल विझवतोच की.

व्याख्यात्यांना मी एकदा चहाच्या वेळी या चौदाजणांबद्दल विचारलं. "तो संघभावनेचा विषय नव्हे," म्हणाले आणि बिस्किटाकडे वळले.

मे १९३२ मध्ये ती खोली बंद झाली. मंदी इतकी वाढली होती, की जोडायला काम उरलं नव्हतं.