दामदुप्पट : व्याजाची मर्यादा आणि ऋणकोची संमती

धनकोने कितीही वर्षे वाट पाहिली तरी एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये, हा दामदुप्पट म्हणून ओळखला जाणारा नियम मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आढळतो. धान्य, लोकर यांसारख्या वस्तूंच्या कर्जाला तेथे पाचपटीपर्यंत मुभा आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात दरमहा शेकडा सव्वा पण हा धर्म्य दर मानला असून व्यापाऱ्यांसाठी पाच, अरण्यमार्गाने जाणाऱ्यांसाठी दहा आणि समुद्रमार्गाने व्यापार करणाऱ्यांसाठी वीस पण असे चढते दर सांगितले आहेत, यावरून जोखमीचे मोल प्राचीन शास्त्रकारांना पुरते ठाऊक होते असे दिसते. दामदुप्पटीचा रोख मात्र दरावर नव्हताच. ऋणकोने कर्ज शहाणपणाने घेतले की मूर्खपणाने, याची चौकशी न करता धनकोच्या मागणीला कोठे तरी शेवट असला पाहिजे, एवढेच तो नियम सांगत होता.

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये हाच प्रश्न निराळ्या अंगाने उपस्थित झाला. अॅडम स्मिथने १७७६ च्या ग्रंथात, पैसा उधळ्यांच्या आणि साहसी योजना आखणाऱ्यांच्या हाती जाऊ नये म्हणून व्याजदराला कायद्याची मर्यादा असावी असे मत मांडले होते. त्याचे खंडन करताना जेरेमी बेंथमने १७८७ मध्ये असा युक्तिवाद केला की, जाणत्या वयाचा, शुद्धीवर असलेला माणूस डोळे उघडे ठेवून स्वेच्छेने जो सौदा करतो त्यात सरकारने पडू नये. व्यक्तीला स्वतःचे हित इतरांपेक्षा चांगले कळते, या गृहीतकावर उभा असलेला हा विचार अखेर प्रबळ ठरला. इंग्लंडमधील व्याजमर्यादेचे कायदे १८५४ मध्ये आणि हिंदुस्थानातील १८५५ मध्ये रद्द झाले.

मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी त्यानंतरही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत दामदुप्पट मान्य केली, पण तिला जुनीच एक पळवाट होती, कारण थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून देण्याची सोय स्मृतीतच होती. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावरील दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. जुन्या देण्यातून ऋणकोची सुटका व्हावी यासाठी असलेली ही तरतूद दख्खनच्या रयतेला भोवली, कारण मुदत संपण्याआधी सावकार फिर्यादीचा धाक घालून खत नवे करून घेऊ लागला. दरमहा शेकडा दोन रुपये दराने घेतलेल्या १०० रुपयांवर तीन वर्षांत ७२ रुपये व्याज चढे. नव्या खतात १७२ रुपये हेच मुद्दल होई आणि दामदुप्पटीची मर्यादा २०० रुपयांवरून ३४४ रुपयांवर जाई. प्रत्येक खताखाली ऋणकोची निशाणी होती, म्हणजे बेंथमच्या अर्थाने संमतीही होती. परंतु शेतसारा भरण्याचा हप्ता तोंडावर आलेला आणि घरात बियाणे नाही, अशा कुणब्याने निशाणी करणे हा अविवेक नव्हे, उपलब्ध पर्यायांतील बहुधा तोच सर्वांत विवेकी पर्याय होता.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव उतरले, फेरआकारणीने शेतसारा वाढला, आणि १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा उसळून तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. दंगेखोरांचा रोख प्रामुख्याने खते आणि हुकूमनामे हस्तगत करून जाळण्यावर होता. कागद निमूटपणे मिळाले तेथे सावकाराच्या अंगाला सहसा हात लागला नाही. लग्नकार्यांतील उधळपट्टीमुळे रयत कर्जबाजारी होते, हे अधिकाऱ्यांचे आवडते स्पष्टीकरण होते. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानेच त्या खर्चाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेल्याचे नमूद केले, ही गोष्ट पुढील चर्चेत फारशी लक्षात घेतली गेली नाही.

१८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयाला खतामागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासून हिशेब तपासण्याचा अधिकार दिला, आणि शेतकऱ्याने देणे कबूल केले तरी ती कबुली खरी असून स्वतःच्या कायदेशीर हक्कांची जाण ठेवून दिलेली आहे, अशी न्यायाधीशाची खात्री पटल्याखेरीज ही तपासणी टाळता येत नसे. या कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून काम केलेल्या महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात स्वार्थप्रेरित व्यक्ती, मुक्त करार आणि भांडवलाची अनिर्बंध हालचाल ही अर्थशास्त्राची गृहीतके कोणत्याही समाजाला तंतोतंत लागू पडत नाहीत, हिंदुस्थानला तर नाहीतच, असे प्रतिपादन केले. रानड्यांची टीका मूलगामी होती; कायद्याची भूमिका तितकी नव्हती, कारण तिचा भर शेतकऱ्याच्या अज्ञानावर राहिला आणि त्याच्या निरुपायाकडे तिने कमी पाहिले. सावकारांनी गहाणखताऐवजी खरेदीखते लिहून घेण्यास सुरुवात केली, आणि जमीन परत देण्याचे वचन तोंडीच राहू लागले.

हिंदू ऋणकोपुरता मर्यादित असलेला जुना नियम पुढे मुंबई सावकारी अधिनियम, १९४६ मध्ये आला आणि हुकूमनाम्याच्या दिवशी येणे असलेल्या मुद्दलापेक्षा अधिक व्याज न्यायालयाने देऊ नये, ही तरतूद कोणत्याही धर्माच्या ऋणकोला लागू झाली.