रेम्ब्रांटचे दिवाळे : घर, चित्रे आणि धुलाईला गेलेले तीन सदरे

२५ जुलै १६५६. ॲमस्टरडॅममधील ब्रेस्त्राट रस्त्यावरच्या एका प्रशस्त घरात सरकारी कारकून शिरले. दोन दिवस ते खोलीमागून खोली फिरत होते आणि दिसेल ती वस्तू लिहून घेत होते. घर चित्रकार रेम्ब्रांट याचे होते.

या यादीत ३६३ नोंदी आहेत. स्वतःची व इतरांची चित्रे, रोमन सम्राटांचे अर्धपुतळे, शस्त्रे, शंखशिंपले, पोवळी, मुद्राचित्रांनी भरलेल्या वह्या. शेवटी धुलाईला गेलेले कपडेही आहेत : तीन सदरे, सहा हातरुमाल, काही मेजपोस. नादार माणसाच्या घरात ‘खासगी’ असे काही उरत नाही, हे त्या शेवटच्या नोंदीवरून कळते.

एका नोंदीत सूक्ष्मचित्रांची एक वही येते. ती मुघल चित्रांची असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. रेम्ब्रांटने मुघल चित्रांवरून केलेली वीसहून अधिक रेखाटने आज उपलब्ध आहेत. त्यांत जहांगीर आणि शाहजहान आहेत.

हे दिवाळे एका रात्रीत निघालेले नाही. १६३९ मध्ये त्याने हे घर १३,००० गिल्डरना घेतले. रक्कम हप्त्यांनी फेडायची होती; मिळकत उत्तम असताना त्याने ती फेडली नाही, कलावस्तू मात्र विकत घेत राहिला. १६५३ पर्यंत व्याजासह साडेआठ हजारांच्या आसपास बाकी साचली. इंग्लंडशी चाललेल्या युद्धाने बाजार मंदावला होता आणि घर विकणाऱ्याला आता पैसे हवे होते. रेम्ब्रांटने जुने देणे भागवण्यासाठी नवी कर्जे काढली : कॉर्नेलिस विट्सेनकडून ४,१८० गिल्डर, इसाक वान हर्ट्सबेककडून ४,२००. अर्थात कर्ज फिटले नाही, फक्त सावकार बदलले.

मे १६५६ मध्ये त्याने घर आपल्या अल्पवयीन मुलाच्या, टिटसच्या नावावर केले. सावकारांना ही पळवाट वाटली असल्यास नवल नाही. पण टिटसचा हक्क खराच होता. त्याची आई सास्किया १६४२ मध्ये वारली, तेव्हा तिने आपला अर्धा वाटा मुलाला ठेवला होता.

दोन महिन्यांनी रेम्ब्रांटने ‘सेसिओ बोनोरम’साठी अर्ज केला. ही रोमन कायद्यातून आलेली सोय : ऋणकोने आपली सर्व मालमत्ता स्वखुशीने धनकोंच्या हवाली करायची आणि त्या बदल्यात तुरुंगातून सुटायचे. कारण म्हणून व्यापारातील आणि समुद्रावरील नुकसान दाखवले गेले. मात्र या सवलतीने देह सुटे, कर्ज सुटत नसे. लिलावात भागले नाही, तर उरलेली बाकी ऋणकोच्या पुढच्या कमाईवर कायम राहत असे.

आणि लिलावात भागले नाहीच. घराचे ११,२१८ गिल्डर आले, खरेदीपेक्षाही कमी. संग्रहालाही अपेक्षेइतकी किंमत आली नाही.

मग खरा प्रश्न उभा राहिला : आधी कोणाचे? विट्सेन १६५८ मध्ये शहराचा बर्गोमास्टर, म्हणजे सर्वोच्च नगराधिकारी झाला आणि त्याच वर्षी त्याचे ४,१८० गिल्डर पुरेपूर वसूल झाले. या दोन गोष्टींचा संबंध जोडण्याचा मोह आवरणे कठीण आहे. हर्ट्सबेकलाही पैसे मिळाले, पण टिटसचे पालक लुई क्रेयर्स यांनी त्याच्याविरुद्ध दावा लावला. मुलाचा हक्क १६४२ चा, कर्ज १६५३ चे; म्हणून मुलाचे देणे आधी, असा त्यांचा युक्तिवाद होता.

त्यासाठी सास्कियाच्या मृत्यूसमयी घरची मालमत्ता किती होती, हे सिद्ध करावे लागले. जुन्या गिऱ्हाइकांच्या साक्षी झाल्या. ‘नाइट वॉच’ या प्रख्यात चित्रासाठी त्यातील प्रत्येकाने सरासरी १०० गिल्डर दिले, हे आज ठाऊक आहे ते या दाव्यामुळे. चित्राची किंमत टिकून राहिली ती चित्रकाराच्या दिवाळ्याच्या कागदांत!

दरम्यान पोटाचा प्रश्न होताच. रेम्ब्रांटने नवे चित्र काढून विकले, तर त्या पैशांवर सावकारांचा हात पडणार. यावर घराने तोडगा काढला. १५ डिसेंबर १६६० च्या करारानुसार टिटस आणि रेम्ब्रांटची सहचारिणी हेंड्रिक्ये हे कलाव्यापाराच्या पेढीचे भागीदार झाले. रेम्ब्रांट त्यांचा सल्लागार. मोबदल्यात त्याला अन्न व निवारा. टिटसने त्याला ९५० आणि हेंड्रिक्येने ८०० गिल्डर दिल्याचे करारात नमूद आहे, तेही परतफेडीच्या अटीवर. अशा रीतीने घरचेच त्याचे सावकार झाले आणि बाहेरच्यांना जप्त करण्याजोगे त्याच्या नावावर फारसे काही उरले नाही.

१६६२ मध्ये त्याने सास्कियाच्या दफनाची जागाही विकली.

दाव्याचा निकाल टिटसच्या बाजूने लागला. हाती आलेली रक्कम हर्ट्सबेकला परत करावी लागली आणि नोव्हेंबर १६६५ मध्ये टिटसला ६,९५२ गिल्डर मिळाले. त्यानंतर तो तीनच वर्षे जगला. रेम्ब्रांट १६६९ मध्ये वारला, भाड्याच्या घरात. त्याला भाड्याच्याच जागेत पुरण्यात आले.