लॅपटॉपला फुल एचडी स्क्रीन टाकायचाय? आधी केबल बघा

नांदेड/लातूर : जुन्या, स्वस्त लॅपटॉपचा स्क्रीन बहुतेक १३६६ × ७६८ पिक्सेलचा, म्हणजे साडेदहा लाख ठिपक्यांचा असतो. फुल एचडीत १९२० × १०८०, म्हणजे जवळपास २१ लाख. सातबारा किंवा लांबलचक फॉर्म त्यावर जास्त मावतो. अक्षर बारीक वाटलं तर सेटिंगमधून स्केल १२५ टक्के करता येतो.

पैसे देण्याआधी हे तपासा :

नंबर : पॅनलच्या पाठीमागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर लिहून घ्या. दोन्ही १५.६ इंची असले तरी स्क्रूच्या पट्ट्या वेगळ्या असू शकतात.

पिन : ३० पिनचा ईडीपी पॅनल असेल तर फुल एचडी बसण्याची शक्यता असते. जुन्या ४० पिनच्या एलव्हीडीएस केबलवर ईडीपी पॅनल चालतच नाही.

केबल : साध्या एचडीच्या केबलमध्ये काही वेळा एकच लेन असते, फुल एचडीला दोन लागतात. अशा वेळी स्क्रीन काळाच राहतो अन् केबलही बदलावी लागते.

बॅटरी : काम सुरू करण्याआधी बॅटरीचं कनेक्शन काढा, नाहीतर बॅकलाइटचा फ्यूज उडू शकतो.

केबल मिळतच नसेल तर एचडीएमआयनं वेगळा मॉनिटर जोडलेला बरा. दुकानात बदलून घेत असाल तर लॅपटॉप चालू करून बघा, मगच पैसे द्या.