मेजाचा न्याय

जबलपूर शहराच्या पूर्वेस रांझी नावाची वस्ती आहे. तिच्या आसपास सैन्याला लागणाऱ्या सामग्रीचे कारखाने आहेत. तोफगाड्यांचा कारखाना जबलपुरात 1904 साली सुरू झाला, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत उभा राहिला आणि 1969 साली लष्करी वाहनांचा कारखाना आला. अशा कारखान्यांतून तयार झालेला भाग कोणाच्या हातचा आहे, हे कोणी विचारीत नाही. तो गेज लावून तपासतात. गेजच्या एका टोकाला तो बसला पाहिजे व दुसऱ्या टोकाला बसता कामा नये. बसला तर घ्यावयाचा, न बसला तर टाकावयाचा. कारागिराची कीर्ती किंवा तपासनिसाची मर्जी यांना तेथे वाव नसतो.

खेळाच्या मैदानावर असे गेज असते काय? दोन खेळाडूंपैकी श्रेष्ठ कोण, हे ठरविण्यापूर्वी ज्या भूमीवर ते खेळतात ती भूमी निःपक्षपाती आहे, हे कोणी आणि कसे ठरवावयाचे? या प्रश्नाचा इतिहास पाहू गेल्यास त्याचा एक धागा जबलपूरलाच येऊन मिळतो. कारण स्नूकर हा खेळ याच गावच्या छावणीत जन्मास आला.

1817 साली जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेले आणि पुढे तेथे मोठी छावणी वसली. 1875 साली डेव्हनशायर पलटणीचा मुक्काम येथे होता. पावसाळ्याचे दिवस, कवाईत बंद, शिकार बंद. अधिकाऱ्यांच्या भोजनगृहातील बिलियर्ड्सच्या मेजाभोवती पैसे लावून निरनिराळे डाव चालत. त्यांपैकी ‘ब्लॅक पूल’ नावाच्या डावात आणखी रंगीत चेंडू घालण्याची कल्पना नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याला सुचली. इंग्लंडमधील वुलिच येथील लष्करी विद्यालयात नवख्या विद्यार्थ्याला ‘स्नूकर’ म्हणत. एका सोबत्याने सोपा चेंडू चुकविला तेव्हा चेंबरलेनने त्याला तेच नाव दिले आणि ते खेळालाच चिकटले. पुढे उटकमंडच्या क्लबात या खेळाचे नियम रुळले आणि 1885 च्या सुमारास जॉन रॉबर्ट्स धाकटा या विख्यात इंग्रज खेळाडूने ते हिंदुस्थानातून मायदेशी नेले. स्वतः चेंबरलेनने हा जन्मवृत्तांत 1938 साली एका पत्राने इंग्लंडमधील नियतकालिकात प्रसिद्ध केला. म्हणजे जन्मानंतर तब्बल 63 वर्षांनी पित्याने आपला हक्क सांगितला!

त्या पावसाळी दिवसांतील मेजाची कल्पना करून पाहावी. बारा फूट लांब, सहा फूट रुंद. खाली पाटीच्या दगडाच्या जड फरशा आणि वर लोकरीचे हिरवे कापड. या कापडाला लव असते आणि ती मेजाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झुकलेली असते. लवेच्या उलट हळू सोडलेला चेंडू सरळ मार्गावर टिकत नाही. हवेत ओल असली की कापड जड होते आणि चेंडूचा वेग मंदावतो. त्या काळी चेंडू हस्तिदंताचे असत आणि दमट हवेत हस्तिदंत सर्व दिशांनी सारखा फुगत नाही. सारांश, पाहणाऱ्याला जे मेज अगदी सपाट दिसे, त्यावर किती तरी अदृश्य चढउतार असत. रोज त्याच मेजावर खेळणाऱ्याला ते ठाऊक असत, पाहुण्याला मात्र ते हरल्यावर कळत.

भोजनगृहातील मित्रमंडळींत याचे कोणाला फारसे वाटले नसेल. परंतु अजिंक्यपदाचा आणि उपजीविकेचा प्रश्न आला की प्रकरण निराळे होते. इंग्लंडमध्ये 1870 च्या फेब्रुवारीत विल्यम कुक आणि जॉन रॉबर्ट्स थोरला यांच्यात बिलियर्ड्सचे अजिंक्यपद लढविले गेले. मेजाच्या वरच्या टोकाजवळील बिंदूवरून तोच तो लाल चेंडू पुन्हा पुन्हा पॉकेटात घालून गुण जमविण्याचा एक कंटाळवाणा फटका तेव्हा प्रचारात होता. त्याला आळा घालण्यासाठी या सामन्याकरिता खास मेज तयार करण्यात आले. पॉकेटाचे तोंड नेहमीच्या तीन पूर्णांक पाच अष्टमांश इंचांवरून तीन इंचांवर आणले आणि तो बिंदू गादीच्या किंचित जवळ नेला. कुक जिंकला.

हेतू चांगला होता. परिणाम मात्र चमत्कारिक झाला. आता खेळ एक आणि मेजे दोन प्रकारची झाली. अरुंद पॉकेटांच्या मेजावरचा विजेता आणि रुंद पॉकेटांच्या मेजावरचा विक्रमवीर यांची तुलना कशी करावयाची? 1890 साली डब्ल्यू. जे. पील या खेळाडूने नेहमीच्या मेजावर, त्याच बदनाम फटक्याच्या बळावर, एका खेपेत 3,304 गुण केले. ते कौशल्य नव्हते असे कोण म्हणेल? तथापि ते कशाच्या तुलनेत मोजावे, हे सांगणेही कठीण होते. अखेर 1892 साली बिलियर्ड्सच्या नियामक संस्थेने मेजाचे प्रमाण निश्चित केले. पॉकेटाचा आकार योग्य आहे की नाही, हे ठरविण्यासाठी ठराविक घाटाचे साचे वापरात आले. रांझीच्या कारखान्यांतील गेजचेच हे सख्खे भावंड! पुढे 1898 साली त्या फटक्याच्या पुनरावृत्तीवर नियमानेच मर्यादा घातली गेली. 1920 नंतरच्या दशकात हस्तिदंताच्या जागी कृत्रिम चेंडू मान्य झाले आणि सारख्या वजनाचे, सारख्या उसळीचे चेंडू सर्वांस मिळू लागले.

निःपक्षपाती भूमीला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे साक्षीदार. 1907 साली टॉम रीस याने पाच आठवड्यांच्या खेळीत 4,99,135 गुण जमविले. पण ती खेळी सर्व वेळ लोकांसमोर झाली नव्हती, या कारणास्तव तिला विक्रमाची मान्यता मिळाली नाही. बोलिंगच्या साठ फुटी लाकडी पट्टीवर हाच प्रश्न आज वेगळ्या रूपात उभा आहे. तेथे पट्टीवर तेलाचा पातळ थर देतात. तो डोळ्यांना दिसत नाही आणि प्रत्येक चेंडूबरोबर सरकत जातो. म्हणून खेळाडू दोन पट्ट्यांवर आळीपाळीने खेळतात आणि अनेक स्पर्धांत तेलाचा आराखडा आधीच जाहीर करतात. भूमी पूर्णपणे निर्दोष असणे शक्य नसते. तिचे दोष उघड असावेत आणि ते दोघांच्या वाट्याला सारखे यावेत, एवढे मात्र शक्य असते.

या कसोटीला उतरलेल्या विजयाचे उदाहरण महाराष्ट्राजवळ आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी बिलियर्ड्सचे राष्ट्रीय अजिंक्यपद बारा वेळा मिळविले. 1958 साली कलकत्त्यास ते हौशी खेळाडूंचे जागतिक विजेते झाले. घरच्या हवेचा, ओळखीच्या मेजांचा त्यांना लाभ झाला, असे एखादा शंकेखोर म्हणू शकला असता. 1964 साली त्यांनी तेच पद दूर न्यूझीलंडमध्ये पुन्हा जिंकले आणि त्या शंकेला जागा उरली नाही.

परंतु मेज समतल झाले म्हणजे न्याय पूर्ण झाला काय? मेजाचे कापड झाडणारा, त्यावर इस्त्री फिरविणारा आणि गुण मोजणारा मार्कर हा हिंदुस्थानातील इंग्रजी क्लबांत बहुधा एतद्देशीय असे. मेजाचे गुणदोष त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसत; तरी सभासद म्हणून त्याला तेथे स्थान नव्हते. पुण्याच्याच एका मैदानावर याहून बोलके दृश्य दिसले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पळवणकर बाळू हा चांभार समाजातील तरुण तेथील युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर कामाला होता. खेळपट्टीवर रूळ फिरवावयाचा, जाळे बांधावयाचे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकावयाचे, हे त्याचे काम. चेंडू मात्र तो असे टाकी की हिंदू संघाला त्याच्यावाचून चालेना. संघात घेतल्यावरही त्याला चहा निराळ्या मातीच्या भांड्यातून मिळे. 1911 च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने 114 बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही; ते 1923 साली त्याच्या भावाला, विठ्ठलला मिळाले.

बाळूने ज्या खेळपट्टीवर रूळ फिरविला, ती सर्वांना सारखीच होती. चेंडू कोणाच्या हातून सुटला हे तिने कधी पाहिले नाही. ते पाहणारे लोक मैदानाच्या कडेला, चहाच्या टेबलाशी बसलेले होते. पॉकेटाचा साचा ठरवावयास इंग्लंडच्या खेळाडूंना 1870 पासून 22 वर्षे लागली. बाळूच्या घराण्याला कर्णधारपदाचे दार उघडावयास त्याहून अधिक काळ लागला आणि त्यासाठी कोणताही साचा तयार नव्हता. जबलपूरच्या छावणीतून निघालेला खेळ आज जगभर प्रमाणित मेजांवर खेळला जातो. मेज तपासणाऱ्याने पॉकेटाला साचा लावून पाहावा, हे योग्यच आहे. त्या खोलीत प्रवेश कोणाला मिळतो, हेही त्याच काटेकोरपणाने पाहिले गेले, तरच त्या मेजावरचा निकाल खरा म्हणता येईल.